सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ते दोन आकडे लिहून द्या : एक खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका
आणि मुंबईत गरोदर बायकांची सोनोग्राफी करणारे सगळे डॉक्टर

नमस्कार,

मागणी आधीच सांगून टाकते, कारण सगळ्यांनाच घाई असते. गरोदर बाईची सोनोग्राफी झाली की जो रिपोर्ट हातात मिळतो, त्यावर मशीनचा थर्मल इंडेक्स (टीआय, लहरींनी किती उष्णता वाढू शकते याचा अंदाज) आणि मेकॅनिकल इंडेक्स (एमआय, लहरींच्या दाबाचा अंदाज) किती होता, डॉपलर, म्हणजे ठोके आणि रक्तप्रवाह टिपणारी पद्धत, लावला होता का, आणि तपासणी साधारण किती मिनिटं चालली, एवढं लिहून द्या. सोबत मराठीत एक पान माहिती द्या. आणि पहिल्या तीन महिन्यांत नुसते ठोके ऐकवायचे म्हणून डॉपलर सुरू करणं थांबवा. याला नवीन मशीन लागत नाही, जास्तीचा माणूस लागत नाही, ते आकडे तुमच्यासमोर स्क्रीनवर असतातच.

मी डॉक्टर नाही. भांडुपला राहते, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. वीस हजार हर्ट्झच्या वरचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, वटवाघळाला येतो, सोनार असं चालतं, सोनोग्राफी तशी चालते, हे दरवर्षी वर्गात सांगत आलेय. माझी नणंद पहिलटकरीण आहे, पाचवा महिना चालू आहे. तिच्या सासरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत फिरत आला की सोनोग्राफीच्या लहरींनी पोटातल्या बाळाच्या मेंदूतल्या पेशी जागच्या हलतात, पुढे मुलाला ऑटिझम होतो, अमेरिकेतल्या मोठ्या युनिव्हर्सिटीने उंदरांवर सिद्ध केलंय. झालं, घरात चर्चा सुरू, तिसऱ्या महिन्यातला एनटी स्कॅन तर झालाच आहे मग आता बाळातले दोष बघणारा अ‍ॅनोमली स्कॅन कशाला, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं, मुलं झालीच ना. तिने मला फोन केला. "वहिनी, तू फिजिक्सची ना, मग खरं सांग, बाळाच्या डोक्याला काही होतं का त्याने?"

त्याआधी तिने डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "काही होत नाही हो, नेटवरचं वाचू नका", आणि तेवढ्यात पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. बाहेर बाकावर बाटलीभर पाणी पिऊन, लघवी धरून बसलेल्या बायकांची रांग असते, एकेका पेशंटला किती वेळ देणार, हे मला कळतं. पण त्या मेसेजमध्ये युनिव्हर्सिटीचं नाव होतं, उंदीर होते, मेंदू होता, आणि डॉक्टरांच्या उत्तरात काहीच नव्हतं. घाबरलेली बाई कशावर विश्वास ठेवेल? आणि अडचण अशी आहे की तो मेसेज अगदीच हवेतला नाहीये, त्यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच "काही होत नाही" एवढ्याने तो मरत नाही.

खरा भाग असा. २००६ साली येल युनिव्हर्सिटीतल्या पास्को राकिच यांच्या गटाने गाभण उंदरांवर अल्ट्रासाउंड सोडून पिल्लांचे मेंदू तपासले. मेंदूच्या बाहेरच्या आवरणातल्या पेशी मुळात तिथे तयार होत नाहीत, त्या आत खोलवर, मेंदूच्या पोकळ्यांच्या कडेला जन्मतात आणि तिथून लांब धाग्यासारख्या आधारपेशींना धरून बाहेर सरकत जातात. आधी निघालेल्या खाली थांबतात, नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात, दहीहंडीचे थर लागावेत तसे थर लागत जातात. येलच्या प्रयोगात अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लहरी सोडल्यावर काही पेशी आपल्या थरापर्यंत पोचल्याच नाहीत, मध्येच कुठेतरी अडकल्या. प्रमाण थोडं होतं, पण मोजता येईल इतकं होतं, आणि वेळ वाढवली तसं ते वाढलं. माणसाच्या बाळात हे सरकण्याचं काम मुख्यतः तिसऱ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत चालतं, आणि एनटी स्कॅन, अ‍ॅनोमली स्कॅन दोन्ही नेमके त्याच काळात येतात. आता हे एवढंच कुणी वाचलं तर झोप उडेलच.

पण पुढचं मेसेजमध्ये नसतं. उंदराच्या पिल्लाचा मेंदू एवढासा, त्यामुळे लहरींचा झोत जवळजवळ अख्ख्या मेंदूवर पडतो. प्रोब एकाच जागी धरलेला होता, काही पिल्लांवर तर एकूण सात तासांपर्यंत लहरी सोडल्या. आपल्याकडे डॉक्टर प्रोब सतत फिरवत असतात, डोक्यावर थोडा वेळ, मग पाठीचा कणा, हृदय, हातपाय, वार. उंदरात पेशींचं सरकणं काही दिवसांत उरकतं, त्यामुळे त्यातला अर्धा तास म्हणजे बराच मोठा तुकडा, माणसात हे काम कित्येक आठवडे चालतं. आणि ज्यांनी हा प्रयोग केला त्यांनीच सांगितलं की वैद्यकीय कारणासाठी लागणारी सोनोग्राफी यामुळे टाळू नका, फक्त विनाकारण ती लांबवत बसू नका. नणंदेला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मग माझ्या वेळी किती होतं?"

बरोबर प्रश्न आहे. आणि याचं उत्तर तिच्या रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं.

मी फाईल मागवली. रिपोर्ट चार पानी, बाळाच्या मांडीच्या हाडाची लांबी, नाकाचं हाड, पाणी किती, वार कुठे, सगळं व्यवस्थित. थर्मल इंडेक्सचं नाव नाही. मग ते फोटो बघितले, तो गुळगुळीत कागद असतो ना काळापांढरा, ज्यावर घरातले सगळे बाळाचं नाक आजोबांसारखं आहे का ते शोधत बसतात, त्याच्या वरच्या कोपऱ्यात, सेंटरचं नाव आणि तारखेच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं, टीआयबी (थर्मल इंडेक्सचाच एक प्रकार) ०.३, एमआय १.१. मोबाईलचा टॉर्च लावून वाचायला लागलं. म्हणजे आकडा घरात आलेलाच होता, कपाटात फाईलमध्ये पडून होता, फक्त तो आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि हे कागद तर वर्षा-दोन वर्षांत उडूनही जातात.

थर्मल इंडेक्स म्हणजे काय, तर मशीन आत्ता जेवढी शक्ती सोडतंय ती आणि त्या पेशीजालाचं तापमान एक डिग्री वाढवायला जेवढी शक्ती लागेल ती, यांचं गुणोत्तर. टीआय १ दिसला तर ढोबळमानाने एक डिग्रीपर्यंत वाढ होऊ शकते असा अंदाज. तो थर्मामीटर नाही, अंदाजच आहे, पण उपयोगी अंदाज आहे. हाडाजवळ उष्णता जास्त साठते, म्हणून दहा आठवड्यांनंतर, बाळाची हाडं घट्ट व्हायला लागली की हाडासाठीचा टीआयबी बघायचा, त्याआधी मऊ पेशीजालासाठीचा टीआयएस. मेकॅनिकल इंडेक्स हा लहरींच्या दाबामुळे बारीक बुडबुडे होण्याच्या शक्यतेबद्दल असतो, पोटातल्या बाळाच्या फुप्फुसात हवाच नसते त्यामुळे तिथे तो धोका कमी. ब्रिटनमधल्या सोनोग्राफीच्या सोसायटीने साधा नियम घालून दिलाय की गरोदरपणात टीआय ०.७ पर्यंत असेल तर उष्णतेच्या दृष्टीने वेळेची मर्यादा नाही, तरी गरजेपेक्षा जास्त वेळ नको. १ पर्यंत असेल तर एक तास, १.५ पर्यंत अर्धा तास, २ पर्यंत पंधरा मिनिटं, २.५ पर्यंत चार मिनिटं, आणि ३ च्या वर नकोच. जागतिक पातळीवरची भूमिका अशी की नेहमीच्या तापमानापेक्षा दीड डिग्रीपर्यंतची वाढ चिंतेची नाही, चार डिग्री वाढ पाच मिनिटं किंवा जास्त टिकली तर गर्भाला धोका मानायचा. नणंदेचा आकडा होता ०.३. एवढं ऐकल्यावर तिचा आवाजच बदलला. ती अ‍ॅनोमली स्कॅनला गेली, सासरचे पण गेले सोबत.

एका आकड्याने जे काम केलं ते दहा वेळा "टेन्शन घेऊ नका" म्हणून झालं नसतं, म्हणून हे पत्र.

आता डॉक्टर म्हणतील की इतकी वर्षं सोनोग्राफी चाललीय, सगळ्या जगात, काही झालं असतं तर दिसलं नसतं का. ग्लासगोच्या डॉक्टर इयन डोनाल्ड यांचा सोनोग्राफीवरचा पहिला पेपर १९५८ चा, म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ झाला, आणि ढळढळीत नुकसान दिसलेलं नाही हे खरंच आहे, मी कुठेच नाकारत नाही. ते एक्स-रे सारखं रेडिएशन नाही, आवाजच आहे. नॉर्वेत १९७९ ते ८१ मध्ये गरोदर असलेल्या बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले होते, एकाला ठरलेल्या सोनोग्राफी आणि दुसऱ्याला ठरवून नाही, आणि मुलं आठ-नऊ वर्षांची झाल्यावर त्यांचं वाचन, लिहिणं, शाळेतली प्रगती तपासली. फरक नाही. एकच गोष्ट सापडली, सोनोग्राफी झालेल्या गटात डावखुरी मुलं थोडी जास्त होती, स्वीडनमध्येही पुढे मुलग्यांमध्ये असंच काहीसं दिसलं. डावखुरं असणं हा काही दोष नाही, आपला सचिन सही डाव्या हातानेच करतो. पण मेंदूवर अगदी बारीकसा का होईना परिणाम होत असेल का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि तो पूर्ण मिटलेला नाही, संबंध कमजोर आहे इतकंच म्हणता येतं.

माझा मुद्दा याच्या पुढे आहे. ती मुलं ज्या मशीनखाली तपासली गेली ती मशीनं आताची नव्हेत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, गर्भासाठी लहरींच्या तीव्रतेची मर्यादा एका चौरस सेंटीमीटरला ९४ मिलीवॅट ठेवली होती. १९९२ मध्ये ती ७२० पर्यंत जाऊ दिली, जवळपास पावणेआठ पट, कारण जास्त शक्तीने चित्र स्वच्छ येतं आणि डॉक्टरांना बारीक दोष दिसतात, आणि ते बाळाच्या भल्याचंच आहे. पण त्याला एक अट होती. मशीनने टीआय आणि एमआय स्क्रीनवर सतत दाखवायचे, आणि तपासणाऱ्याने ते बघून शक्ती आणि वेळ आवरायची. शक्ती वाढली, आकडे स्क्रीनवर आले, ते बघायचे कुणी? २००७ साली अमेरिकेतच १३० जणांना, त्यात बरेचसे डॉक्टरच, विचारलं की हे आकडे स्क्रीनवर कुठे असतात, तर जवळजवळ ८० टक्क्यांना सांगता आलं नाही. तिथे ही स्थिती, मग आपल्याकडे निदान विचारून तरी बघायला नको का? एमबीबीएस डॉक्टरांना सोनोग्राफी करायची तर २०१४ पासून सहा महिन्यांच्या ट्रेनिंगचे नियम आहेत, त्या ट्रेनिंगच्या परीक्षेत प्रत्येकाला मशीनपुढे उभं करून "टीआय दाखवा, तो कमी करून दाखवा" एवढं विचारा.

ऑटिझमचं पण सांगते, कारण भीती सगळी तिथेच आहे. बोस्टनमधल्या एका अभ्यासात, २०१८ ला आला, ऑटिझम असलेली मुलं, विकास उशिरा झालेली मुलं आणि बाकीची मुलं, अशा ४२० मुलांच्या आयांचे जुने स्कॅन काढून बघितले. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांची सोनोग्राफी जास्त वेळा झालेली नव्हती, जास्त वेळ चाललेली नव्हती. लहरी किती खोल गेल्या त्यात मात्र थोडा फरक निघाला, त्यावरून कुणी निष्कर्ष काढला नाही, पुढे तपासायला हवं एवढंच. त्याआधीच्या अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांतही संबंध दिसला नव्हता. म्हणजे "सोनोग्राफीने ऑटिझम होतो" असं म्हणायला आज काहीही आधार नाही, आणि हे वाक्य प्रत्येक मॅटर्निटी होमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लागायला हवं.

डॉपलरबद्दल मात्र माझी थेट तक्रार आहे. साध्या काळ्यापांढऱ्या चित्रात शक्ती पसरलेली असते, टीआय कमीच राहतो. पल्स डॉपलरमध्ये तीच शक्ती एका ठिकाणी रोखून धरतात, आकडा पटकन वर जातो. नणंदेच्या आठव्या आठवड्यातल्या फोटोवर, दुसऱ्या एका क्लिनिकमधल्या, टीआय १.६ होता. का, तर ठोके स्पीकरवर ऐकवले होते. घरच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मीही समजू शकते, पहिलं बाळ. काही सेकंदांचा प्रकार होता, त्याने काही बिघडलं असेल असं मी म्हणणार नाही. पण आठव्या आठवड्यात ते बाळ बोटाच्या पेराएवढं असतं, झोत कुठे एका बाजूला पडणार, सगळ्यावरच पडतो. आंतरराष्ट्रीय सोसायट्या सांगतात की पहिल्या तिमाहीत पल्स डॉपलर सरसकट वापरू नका, ठोके मोजायचेच असतील तर एम-मोड लावा, त्यात ठोक्यांची नागमोडी रेघ दिसते, मोजणी होते, शक्ती कमी लागते. रेघ दाखवा ना आईला, तिला त्यातही तेवढाच आनंद होईल. उलट सातव्या-आठव्या महिन्यात बाळ वाढत नाहीये, बीपी वाढलंय, तेव्हा नाळेच्या रक्तप्रवाहाचा डॉपलर जीव वाचवतो, तिथे एक मिनिट पण मागेपुढे बघू नका. आणि अजून एक, पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाने फणफणलेली गरोदर बाई तपासायला येते तेव्हा बाळाचं तापमान आधीच वर असतं, त्यावर अजून भर नको म्हणून वेळ आणखी आवरता घ्यायचा असतो, हे मुंबईत तरी प्रत्येक सेंटरला माहीत असायलाच हवं.

ऑनलाइन मिळणाऱ्या, घरी ठोके ऐकायच्या छोट्या डॉपलर मशीनकडे पण पालिकेने लक्ष द्यावं. तासन् तास पोटावर धरून बसतात लोक. ठोके सापडले नाहीत की रडारड, आणि आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज ऐकून निर्धास्त झाले आणि बाळाची हालचाल कमी झालीय हे हॉस्पिटलला कळवलंच नाही, हा तर त्याहून मोठा धोका.

कायद्याबद्दल गैरसमज नको. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, मुंबईतल्या बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या म्हणून, आणि मग १९९४ चा देशाचा कायदा आला. तो कडकच राहू दे. पण त्याचा एक परिणाम असा झालाय की सोनोग्राफीचा कागद म्हणजे त्या कायद्याखाली भरायचा एफ फॉर्म, सही, आधार कार्ड, पत्ता, किती मुलं, किती मुली, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. बाईबद्दल सगळं विचारतात. बाळावर किती शक्ती सोडली हे त्या फॉर्ममध्ये कुठेच येत नाही. मी ते एफ फॉर्ममध्ये घाला असं म्हणत नाही, त्यात एक रकाना चुकला तरी मशीन सील होऊ शकतं, डॉक्टर आधीच धास्तावलेले असतात, त्यांच्यावर अजून एक तलवार नको. रिपोर्टवर लिहा, शेवटी, दोन ओळी. तपासणीत सर्वात जास्त टीआय किती गेला, एमआय किती, डॉपलर होय की नाही, अंदाजे मिनिटं.

पालिकेच्या हॉस्पिटलात जाणाऱ्या बायकांचं दुःख उलटं आहे, त्यांना जास्त सोनोग्राफीची भीती नाही, वेळेत एक मिळत नाही ही चिंता. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगतेय की २४ आठवड्यांच्या आत निदान एक सोनोग्राफी प्रत्येक गरोदर बाईची व्हावी. आमच्या कॉलेजातल्या मावशींच्या सुनेला नंबर मिळाला तेव्हा चोवीस आठवडे उलटून गेले होते. बाळ चांगलं होतं, नशीब. मोठा दोष निघाला असता तर गर्भपाताच्या कायद्यातली २४ आठवड्यांची रेषा ओलांडलेली, मग मेडिकल बोर्ड, मग धावपळ, रोजावर जाणाऱ्या माणसाने ते कसं करायचं? तेव्हा विनाकारणचे स्कॅन कमी करा हे मी खासगीवाल्यांना म्हणतेय आणि वेळेतला स्कॅन प्रत्येकीला द्या हे पालिकेला म्हणतेय, आणि दोन्ही एकाच श्वासात म्हणतेय. मेंदूला इजा होईल या भीतीने एखादीने अ‍ॅनोमली स्कॅन टाळला आणि बाळाच्या पाठीच्या कण्याचा दोष, हृदयाचा दोष तसाच राहून गेला, तर ते नुकसान टीआय ०.३ च्या कुठल्याही कल्पित नुकसानापेक्षा कितीतरी मोठं आहे.

सुरुवात छोटी करा. पालिकेच्या एखाद-दोन प्रसूतिगृहांत महिनाभर रिपोर्टवर हे आकडे लिहून बघा, बायकांना काय वाटतं ते परिचारिकांना विचारायला सांगा. जमलं तर खासगी सेंटरांना परिपत्रक काढा. माहितीचं एक पान मराठीत, सोप्या शब्दांत लिहायला माणूस नसेल तर मी लिहून देते, तुमच्या रेडिओलॉजिस्टनी तपासावं, चूक असेल तिथे लाल पेन मारावं. ते ओपीडीत केसपेपरसोबतच द्यावं, म्हणजे बाई बाकावर पाणी पीत बसलेली असते तेव्हा वाचून होईल. या पत्राचं उत्तर द्याल तेही मराठीत आणि सगळ्यांना वाचता येईल असं द्या, आणि आकडे लिहिणार नसाल तर का नाही, ते कारणही त्यात लिहा.

आपली,
फिजिक्सची एक शिक्षिका, भांडुप